चाललेला खांब

तो खांब बघा. पुलाचे बाकीचे चार खांब वर घाटापाशी एका रांगेत आहेत. हा एकटा तिथून दीडशे पावले खाली, नदीच्या मधोमध. वाहून आलेला दगड आडवा पडतो. हा उभा आहे, आणि ओळंब्यात आहे. माझ्या आज्याने ओळंबा सोडून पाहिला होता.

संस्थानाच्या काळात हैबती गवंड्याने हा पूल बांधला, असे सांगतात. चैत्री पुनवेच्या जत्रेला देवीची पालखी पुलावरून जाईल, असा त्याने राजेसाहेबांना शब्द दिला होता. चार पाये खडकावर बसले. मधल्याला खडक लागेना. खोदणारा तिम्मा वडार खड्ड्यातून ओरडला, "मिस्त्री, पहार लोण्यात गेल्यागत जातीया. हितं बांधू नगा."

जत्रा तोंडावर आली होती. हैबती काठावरूनच म्हणाला, "चालतंय."

"चालून काय करायचं? बसाय पायजे."

"गवंडी तू का मी? ये वर."

जत्रेला भर दुपारी पालखी पुलाच्या मध्यावर आली, तेव्हा मधल्या खांबाने माणसासारखे पाऊल टाकले, म्हणे. पूल कोसळला. एकोणीस माणसे गेली. पाणी गुडघाभर होते, तरी एकही प्रेत सापडले नाही.

राजेसाहेबांनी विचारले, पाया कोणी खोदला? साऱ्यांनी तिम्माकडे बोट केले. हैबती गप्प राहिला. तिम्माला अमावास्येला कड्यावरून लोटायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी खांब दहा पावले खाली दिसला. तिसऱ्या दिवशी वीस. वाळूत माग नव्हता. हैबतीचे घर खाली काठावर होते. बायको म्हणाली, "अवो, त्यो कुणाकडं निघालाय?"

हैबती म्हणाला, "दार लाव."

अमावास्येच्या सकाळी खांबाची सावली त्याच्या उंबऱ्यावर पडली. तिकडे तिम्माला कड्याकडे नेत होते. हैबती पाण्यात उतरला. दगडावर हात ठेवून, साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला, "खडक लागला न्हवता! तिम्मानं सांगितलं हुतं. चालतंय, आसं म्या म्हणलं. म्या, हैबती गवंड्यानं!"

खांब थांबला. तिम्मा सुटला. त्याच कड्यावरून हैबतीला लोटले. त्याने दयेसाठी हात जोडले नाहीत, असे सांगतात.

आजही आमच्याकडे घर असो की गोठा, पाया भरण्याआधी मिस्त्री स्वतः खड्ड्यात उतरतो, पहार मारतो आणि आपले नाव घेऊन सांगतो, खडक लागला. लागला नसेल, तर तेही नाव घेऊनच सांगतो. 'चालतंय' हा शब्द बांधकामावर कोणी काढत नाही.

लोक म्हणतात, खांब तिथे बसला. मी चाळीस वर्षे गवंडीकाम केले. बसलेला दगड मला कळतो. तो बसलेला नाही. थांबलेला आहे.