दाराआडची परण

"...मग तेवढी एकच परण तुम्ही दार लावून का वाजवता?"

विश्रामने हे उंबऱ्यात उभं राहूनच विचारलं. काखेत गाठोडं होतं.

भैरवबुवा डाव्या हाताने पखवाजाच्या तोंडाला, नाद जुळवायला, कणीक लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सवय आहे."

सवय! विश्रामला हे उत्तर पटणं शक्यच नव्हतं. बुवांच्या गुरूची ती नावाजलेली परण, पखवाजाच्या बोलांची बांधीव रचना. 'ती हातानेच द्यायची असते, बघू पुढे,' असं म्हणत बुवा गेल्या पावसाळ्यापासून टाळत आले होते. तेव्हापासून बाकीचंही ते नुसत्या तोंडाने बोल म्हणून शिकवत. उजवा हात उपरण्यात. गुरू हातचं राखून शिकवतो आहे, याबद्दल विश्रामची खात्री पटली होती. संशय एकदा शिरला की माणसाला आशीर्वादातही खोट दिसते.

बुवा तरी कुठे निराळे होते! विश्राम हल्ली पलीकडच्या गावातल्या पखवाजियाकडे जाऊन बसतो, हे त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं. नुसते बघत राहिले.

"मला येते ती," विश्राम म्हणाला.

बुवांचा हात थांबला.

"कुणी दिली?"

"भिंतीला कान लावून घेतली. उद्या देवळाच्या उत्सवात वाजवणार. तिथून परस्पर जाईन. परत यायचं नाही."

बुवांनी पखवाज त्याच्यापुढे सरकवला.

विश्रामने वाजवली. जरा चिडूनच वाजवली, पण हात तयार होता. मध्यावर त्याने एक बोल गाळला, तेवढी जागा रिकामी सोडली आणि पुढचा बोल अचूक उचलला. तिथे तो किंचित हसला.

"ती जागा का सोडलीस?"

"तुम्हीच सोडता. रोज. तेच तर मर्म, जे तुम्ही लपवत होता."



बुवांनी उपरण्यातून उजवा हात काढला आणि मूठ वळली. करंगळीशेजारचं बोट वळलंच नाही. ताठ उभं राहिलं.

"तिथे या बोटाचा बोल आहे. गेल्या पावसाळ्यापासून हे वळत नाही."

 उद्या उत्सवात जाणत्यांपुढे विश्रामने गुरूचं दुखणं गुरूची विद्या म्हणून मिरवलं असतं.

"का नाही सांगितलंत, बुवा?"

"कळलं असतं तर गेला असतास, असं वाटलं."

...

"आणि तू आधी का नाही विचारलंस?" बुवांनीच पुढे विचारलं.

विश्रामला मान वर करवेना.

"खरं सांगणार नाही, असं वाटलं."

बाहेर कुणीतरी देवळाचं अंगण झाडत होतं. बुवांनी डाव्या हाताने विश्रामचं तेच बोट धरलं आणि पखवाजाच्या पुडीवर, ताणलेल्या कातड्यावर, नेमक्या जागी ठेवलं.

"दोघेही चोर निघालो," ते म्हणाले. "आता शिकवायला हरकत नाही."