कल्हईवाल्याने घेतलेलं घर

फार फार वर्षांमागची ही गोष्ट. कुठल्या राज्यातली, ते विचारू नका. ज्या राज्यात घरं विकली जातात, त्या कुठल्याही राज्यातली समजा. लहानांनी ऐकावी, आणि ज्यांना घर घ्यायचं आहे अशा मोठ्यांनी जरा सावरून बसून ऐकावी.

एक होता कल्हईवाला आणि एक होती त्याची बायको. दोघांना घर नव्हतं. गावोगाव फिरायचं, देवळाच्या पाराशी भट्टी मांडायची, लोकांची काळवंडलेली पातेली आतून चांदीसारखी उजळून द्यायची आणि चार दिवसांनी पुढचं गाव धरायचं. तो भांडं फिरवायचा, ती भाता ओढायची. तापल्या भांड्यात नवसागर टाकला की भसकन पांढरा धूर उठतो. तीस वर्षं तो धूर आधी तिच्या छातीत गेला, मग आभाळात.

शेवटी तिला दम लागू लागला. दोन पावलं चालली की ती थांबायची, आणि थांबलेली कळू नये म्हणून पदर सारखा करायची. वैद्याने नाडी पाहिली आणि कल्हईवाल्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला, हिला आता धूर नको आणि ओल नको. कोरड्या जमिनीवर, कोरड्या भिंतींत राहिली तर अजून दहा वर्षं काढील. ओलीत राहिली तर एक पावसाळासुद्धा निघायचा नाही.

कल्हईवाल्याने साठवलेलं सगळं कनवटीला बांधलं आणि बायकोला घेऊन तो जवळच्या शहरात आला. तिला त्याने वेशीबाहेरच्या धर्मशाळेत बसवलं आणि तो दलालाकडे गेला.

शहरात घरं दाखवणारा दलाल एकच होता. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, याचं आपल्यावाचून अडलंय. मी त्याच्याविषयी एवढंच सांगतो, की या अख्ख्या गोष्टीत तो एकही वाक्य खोटं बोलला नाही. तुम्ही लक्ष ठेवा हवं तर.

त्याने आधी एक घर दाखवलं, त्याची भिंत तडकलेली होती. मग दुसरं दाखवलं, ते कातडी भिजवायच्या चांभारकुंडाला लागून होतं आणि तिथे वास मारत होता. कल्हईवाल्याचं तोंड उतरलं, तेव्हा दलालाने त्याला तिसऱ्या घराशी नेलं. ताजा चुना दिलेल्या भिंती, सारवलेली जमीन, खोल्यांतून उदाचा घमघमाट. वैशाखाची भर दुपार होती.

"घर कोरडं आहे ना?" कल्हईवाल्याने विचारलं. "मला बाकी काही नको. माझ्या मंडळींचा जीव त्याच्यावर आहे."

"मी कशाला सांगू?" दलाल म्हणाला. "हात लावून बघा."

कल्हईवाल्याने भिंतीला हात लावला. भिंत खडखडीत कोरडी होती, आणि तिच्यावर त्याच्या पाचही बोटांचे काळे ठसे उठले. तो ओशाळला आणि उपरण्याने ते पुसायला लागला, तसे ते आणखीच पसरले.

आता त्या शहरात एक रीत होती. तिला शेजारपूस म्हणत. घर घेणाऱ्याने गुळाचा खडा घेऊन शेजारच्या तीन घरी स्वतः जायचं आणि त्या घराविषयी काय हवं ते विचारायचं. शेजाऱ्याने गूळ तोंडात घातला की त्याने खरंच सांगायचं, मग त्यात कोणाचं नुकसान होवो. मात्र कोणी विचारायला आलं नाही, तर आपण होऊन दुसऱ्याच्या घराविषयी बोलायचं नाही. रीत चांगली होती. अशा रीतींना पुढे काय होतं ते तुम्ही बघालच.

कल्हईवाल्याची बायको वाट चालताना ही रीत ऐकून होती. तिने निघताना त्याला गूळ बांधून दिला होता. म्हणाली होती, "घर तुम्हाला आवडेल ते घ्या. मला दाखवायला नेऊ नका, चढ चढवत नाही. पण शेजाऱ्यांना तुम्ही विचारा. तुम्हीच विचारा."

गुळाची पुरचुंडी त्याच्या हातात होती. समोर तेल्याचं घर, शेजारी गुरवाचं, पलीकडे शिंप्याचं. सगळी दारं स्वच्छ, ओटे धुतलेले. कल्हईवाल्याने आपल्या हातांकडे पाहिलं. नखांत काजळी, रेघांत काजळी. गावोगावच्या आयाबायांनी त्याच्या हातातून भांडं घेताना बोटाला बोट लागू दिलं नव्हतं, ते त्याला एकदम आठवलं. हे हात गूळ द्यायला पुढे केले तर लोक घेतील का?

दलालाला माणसाच्या मनातलं फार लवकर कळे. त्याने पुरचुंडी हळूच आपल्याकडे घेतली. म्हणाला, "तुम्ही कशाला तसदी घेता? माझी सगळ्यांशी ओळख आहे. मी जाऊन येतो."

कल्हईवाल्याला दारापुढच्या झाडाखाली थांबवून तो तिन्ही घरी गेला. हसत गेला, हसत आला. "तिघांनी गूळ घेतला. तिघंही म्हणाले, ठीक आहे." आणि कल्हईवाल्याच्या छातीवरचा दगड उतरला. व्यवहार तिथल्या तिथे झाला.

धर्मशाळेत बायकोने एकच गोष्ट विचारली. "तुम्ही स्वतः विचारलंत ना?"

आता नाही कसं म्हणायचं? हातांची लाज वाटली, हे बायकोला कसं सांगायचं? तिचे हात काही वेगळे नव्हते.

"विचारलं की," तो म्हणाला. "तेलीणबाईंना विचारलं, गुरवाला विचारलं, शिंप्याला विचारलं. कोरडं आहे म्हणाले."

ती हसली. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली.

वैशाख आणि ज्येष्ठ सुखाचे गेले. ती उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायची. आपल्याच दारापुढे रांगोळी काढायची, आणि ती पुसली जाण्याआधी आपल्याला गाव सोडायचं नाही, या गोष्टीचं तिला रोज नवल वाटायचं. दम कमी झाला होता. दुसऱ्या एखाद्या गोष्टीत या वेळी अंगणातला बेडूक बोलला असता आणि त्यांना सावध करून गेला असता. या गोष्टीत बेडकाने तोंड उघडलं नाही.

आषाढ लागला. आधी मिठाच्या बरणीत पाणी झालं. मग जमिनीला पाय चिकटायला लागले. मग भिंतींवर खालून वर एक काळसर रेघ चढायला लागली, रोज चार बोटं. पाऊस छपरातून येत नव्हता. छप्पर चांगलं होतं. पाणी जमिनीतून येत होतं. अंथरूण उचललं तर खाली अंथरुणाएवढा ओला आकार उमटलेला दिसे. तिची छाती पुन्हा वाजू लागली.

कल्हईवाल्याने वाळू पसरली, राख पसरली, गवत पसरलं. शेवटी काही सुचेना तेव्हा त्याने जमीन सुकवायला घरात भट्टी पेटवली. जमीन सुकली नाही. धूर मात्र झाला, आणि ती खोकून खोकून निळी पडली. त्याने स्वतःच्या हातांनी निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

समोरची तेलीण खोकला ऐकत होती. एके दिवशी ती ओवा घालून कढवलेलं तेल वाटीत घेऊन आली, छातीला चोळायला. उशाशी बसली. आजारी बाईने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"गूळ खाऊन खोटं बोललात बाई तुम्ही," ती म्हणाली. "यांनी विचारलं तेव्हा खरं सांगितलं असतंत तर काय गेलं असतं तुमचं?"

तेलिणीला काही कळेना. तिने कल्हईवाल्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. ती वाटी हातात धरून बराच वेळ तशीच थांबली. मग उठली आणि तेल घेऊन परत गेली. त्या घटकेला तो एक शब्द बोलला असता तर तेल तरी लागलं असतं. पण एक खोटं बोलून बसलेल्या माणसाला तो एक शब्द किती जड होतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

श्रावणाच्या आधीच ती गेली. कोणावर रागावून जाण्याचा तिचा स्वभाव नव्हता, तरी ती तेलिणीवर रागावून गेली.

दिवसकार्य झाल्यावर कल्हईवाला तेलिणीच्या दारात जाऊन उभा राहिला. गूळ नव्हता, काही नव्हतं. काळे हात तसेच होते. त्याने विचारलं, "मावशी, त्या घराला ओल आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "तिथे पूर्वी तळं होतं. ते बुजवून ही आळी बसवली. आमची घरं काठावर आहेत, तुझं बरोबर मधोमध. उन्हाळा सरला की पाणी वर येतं. त्या घरात कोणाचा दुसरा पावसाळा झाला नाही."

एवढंच उत्तर होतं. सांगायला तिला अर्धा श्वासही लागला नाही.

"मग दलालाला 'ठीक आहे' असं का म्हणालात?"

"त्याने घराचं नावही काढलं नाही. गूळ दिला आणि विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक. घर घेणारा तू होतास. तू येशील म्हणून मी तेव्हा दार उघडं ठेवून बसले होते. मला दिसत होतास तू, त्या झाडाखाली हात मागे लपवून उभा."

"हात काळे होते, मावशी."

तेलीण घरात गेली आणि एक पातेलं घेऊन आली. आतून पांढरंलख्ख होतं. "ही कल्हई काय गोऱ्या हातांनी केली असेल? याच्यात आम्ही रोज दूध तापवतो." मग तिचा आवाज पडला. "मीसुद्धा रीतीच्या आड लपले. विचारलं नाही, सांगितलं नाही. माणूस मरत असताना मी रीत सांभाळली. आणि त्या दिवशी ती मला बोलली, तेव्हा तू तोंड उघडायची वाट बघत बसून राहिले. तू नाही उघडलंस."

कल्हईवाल्याला खूप रडू आलं. आता सगळं खरं सांगून टाकावं असं त्याला वाटत होतं, पण ज्या एका माणसाला सांगायचं ते उरलं नव्हतं.

पुढच्या चैत्रात दलाल आला. जमीन वाळली होती. म्हणाला, चुन्याचा हात मारा, गिऱ्हाईक मी आणतो, शेजारपूसही मी करतो. कल्हईवाल्याने चुना लावला नाही. जी गिऱ्हाईकं आली, त्यांना त्याने कोणी विचारायच्या आत ओलीचं सांगितलं. ती आल्या पावली परत गेली. दलालाने त्या आळीत येणं सोडलं. गुरव आणि शिंपी आपली घरंही आता विकली जाणार नाहीत म्हणून त्याच्याशी बोलेनासे झाले.

तो तिथेच राहिला. दर आषाढात पाणी वर येई आणि तो त्या ओलीवर अंथरूण घालून निजे. घर मात्र त्याच्या मालकीचं होतं, त्यात खोटं काही नव्हतं.

तात्पर्य: आपल्या माणसाचा जीव ज्या प्रश्नावर टांगलेला आहे, तो प्रश्न दुसऱ्याच्या तोंडी देऊ नये, आणि दिलाच, तर आपण विचारला असं सांगू नये.