अळणी पन्हे

नदीकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध आचारीबुवा राहत असत. पन्नास वर्षे त्यांनी लग्नामुंजींच्या पंगती उठवल्या, देवळातले नैवेद्य रांधले, आणि एवढ्या काळात शिजता पदार्थ एकदाही जिभेला लावला नाही. जे देवापुढे जायचे ते आधी चाखायचे नाही, हा त्यांच्या विद्येचा पहिला नियम होता. मीठ हाताला कळावे आणि आंबटपणा नाकाला, असे ते म्हणत. त्यांच्या हातचे मीठ चुकल्याचे गावात कोणालाही आठवत नव्हते.

त्यांच्यापाशी एक शिष्य होता. वय तिशीचे, हात चपळ, आणि कामात इतका काटेकोर की कोशिंबिरीची काकडी जाड चिरली गेली तर दोन दिवस स्वतःशीच अबोला धरी. दहा वर्षे बुवांच्या हाताखाली राहून त्यालाही न चाखता मीठ साधले होते, आणि याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. बुवा त्याला यावरून अधूनमधून चिडवत. तो मात्र चिडवणे हसण्यावारी न नेता त्यावर गंभीरपणे विचार करी.

ते दिवस चैत्राचे होते. ज्यांनी ते उन्हाळे पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. दाराला वाळ्याचे पडदे, कोपऱ्यात ओल्या वाळूवर बसवलेला माठ, आणि दुपारी घराघरांतून येणारा उकडलेल्या कैरीचा वास. चूल फार वेळ पेटवायची नाही, असा सगळ्या बायकांचा अलिखित ठराव असे. दहीपोहे, गार दहीभात, हिंगजिऱ्याची फोडणी दिलेले ताक, वाटल्या हरभऱ्याच्या डाळीत कैरी किसून केलेली आंबेडाळ. घटकाभरात पान तयार होई, आणि जेवणारा उठताना पोटावरून हात फिरवून म्हणे, निवलो. हा शब्द आता कानावर येत नाही, आणि तो न आल्याची रुखरुख मात्र दर उन्हाळ्यात लागते.

अशाच एका दुपारी गावातला धान्याचा मोठा व्यापारी बुवांच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्याची आई माघात वारली होती. तेव्हापासून त्याच्या वृद्ध वडिलांचे, आबांचे, खाणे कमी होत गेले होते, आणि पाडव्यानंतर तर ते जवळजवळ सुटलेच होते. रोग काही नव्हता. वैद्यांनी नाडी पाहून सांगितले होते की औषधाने होण्यासारखे यात काही नाही, पण पोटात अन्न गेले नाही तर हे शरीर वैशाखाच्या उन्हातून निभावणार नाही. व्यापाऱ्याने बुवांना एवढेच विनवले की आबांना चार घास जातील असे काहीतरी करून घाला.

बुवांचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी शिष्याला पाठवले. शिष्याने ते काम मनावर घेतले. पहिल्या दिवशी त्याने पन्हे केले. कैरी नेमकी उकडलेली, गूळ कैरीच्या दुप्पट, मीठ चिमटीने मोजलेले, वेलदोडा दाण्यादाण्याने कुटलेला. आबांनी दोन घोट घेतले, "छान आहे," म्हणाले, आणि पेला खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दहीभात झाला, तिसऱ्या दिवशी कोकमाचे सार. मग गुळात कालवलेले सातूचे पीठ झाले, नाचणीची आंबील झाली. एकाही पदार्थात बोट ठेवायला जागा नव्हती. आबा प्रत्येक वेळी दोन घास घेत, छान आहे म्हणत, आणि ताटावर हात आडवा धरत. सून पदराआडून ती वाटी पाही आणि तशीच भरलेली आत घेऊन जाई.

आठव्या दिवशी शिष्य परतला तो पायरीवरच बसला. आबांच्या मनगटाची हाडे आता दुरूनही मोजता येत होती. आपल्या हातून अन्न तयार होते आहे आणि समोर एक माणूस उपाशी सुकतो आहे, हे त्याला सोसेना. त्याने बुवांना विचारले, आपले नेमके काय चुकते आहे. बुवांनी उलट विचारले, आबा काय म्हणतात.

"छान आहे म्हणतात."

"रोज?"

"रोज."

बुवा थोडा वेळ सुपारी कातरत राहिले. मग उद्या आपणही येतो, एवढे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत व्यापाऱ्याच्या घरी गेले. ओसरीवर आबा तक्क्याला टेकून बसले होते. हाताशी वाळ्याचे पाणी, पाठीशी मऊ उशी, वारा घालायला गडी. बुवांनी स्वयंपाकघरात न जाता पातेले ओसरीवरच मागवले आणि आबांच्या समोर पन्हे करायला बसले. कैरीचा गर कुसकरला, गूळ विरघळवला, वेलदोडा घातला, माठातले पाणी ओतले. मिठाची वाटी शेजारी होती. बुवांनी तिला हात लावला नाही आणि पेला भरायला घेतला.

पन्नास वर्षांत जे घडले नाही ते आज घडते आहे, बुवांचे वय झाले, असे शिष्याच्या मनात आले आणि त्याचे डोळे भरून आले. उद्या गावभर होईल की बुवा मीठ विसरले. पेला आबांकडे नेण्याच्या निमित्ताने त्याने पाठ वळवली, मिठाची नेमकी चिमूट टाकली आणि हलवून पेला पुढे केला.

आबांनी दोन घोट घेतले. "छान आहे," म्हणाले.

बुवांनी एकदा पेल्याकडे पाहिले, एकदा शिष्याकडे. घरी येताना वाटेत त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, की मीठ तू घातलेस का. शिष्याने खाली मान घालून हो म्हटले. वर हेही म्हटले, की तुमचे नाव राखायला घातले.

"ते कळलं मला. उद्या घालू नकोस," बुवा म्हणाले.

शिष्य रात्रभर याचा अर्थ लावत राहिला, आणि त्याला तो लागला नाही. आजारी माणसाला जाणूनबुजून बेचव काहीतरी द्यायचे, ही कुठली विद्या, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण बुवांचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओसरीवर पातेले आले, पुन्हा मिठाची वाटी तशीच राहिली, आणि या वेळी शिष्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

आबांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला, आणि कपाळावर आठी पडली. महिनाभरात त्या चेहऱ्यावर आठीसुद्धा पडली नव्हती.

"यात मीठ नाही," ते म्हणाले.

"नाही होय? मग किती घालू?" बुवांनी विचारले आणि मिठाची वाटी हातात घेऊन थांबले.

आबा त्या वाटीकडे पाहत राहिले. मग त्यांनी उजवा हात पुढे केला आणि तळवा उघडून म्हणाले, "चिमूटभर घाला, आणि इथे द्या जरा."

बुवांनी चिमूटभर मीठ टाकून हलवले आणि पळीने थेंबभर पन्हे आबांच्या तळहातावर सोडले. आबांनी ते जिभेला लावले, डोळे मिटले, आणि आणखी थोडे हवे असे खुणेने सांगितले. पुन्हा मीठ, पुन्हा थेंब. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, आता झाले. आणि मग, कोणी काही विचारले नसताना, बोलू लागले.

"हिचे आठवड्याला तीन उपास. उपासाच्या दिवशी तोंडात मीठ घालायचं नाही, मग चव कोण बघणार? तर ओसरीवर येऊन माझ्या हातावर थेंब टाकायची आणि म्हणायची, बघा हो जरा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला साठसत्तर बायका यायच्या. घागरभर पन्हं तयार असायचं, पण मी बरं म्हटल्याशिवाय एकीच्याही पेल्यात पडायचं नाही. पुढे एकदा माझ्या लक्षात आलं, की उपास नसला तरी ही विचारतेच आहे. मी बोललो नाही. बोललो असतो तर विचारायची थांबली असती."

एवढे सांगून त्यांनी पेला उचलला आणि बोलता बोलता रिकामा केला. मग दुसरा मागितला. सुनेला हाक मारून आंबेडाळ आहे का म्हणून चौकशी केली, आणि डाळ आल्यावर कैरी जास्त झाल्याची तक्रार करून ती खाल्ली. सून दाराआड उभी राहून रडत होती आणि हसतही होती.

बुवा निघाले तेव्हा व्यापारी त्यांच्या पाया पडला आणि रोज येत जा म्हणाला. बुवांनी सांगितले की उद्यापासून आम्ही दोघेही येणार नाही, आबांचे जेवण तू कर. व्यापारी गोंधळला. त्याने आयुष्यात चूल पेटवली नव्हती.

"पेटवायची कशाला? भात सूनबाई टाकेल. तू नुसता दह्यात कालव. फक्त मीठ घालायच्या आधी आबांकडे जा," बुवा म्हणाले.

वाटेत शिष्याला राहवले नाही. त्याने विचारले, की तळहाताची गोष्ट तुम्हाला ठाऊक नव्हती, मग हे सुचले कसे. बुवा एका कडुनिंबाखाली टेकले. ऊन मी म्हणत होते. कपाळ पुसून ते म्हणाले:

"हाताचं नव्हतं ठाऊक. पण घर दिसत होतं. मुलगा गुणी, सून गुणी. दुकानाचं आबांना विचारायचं नाही, त्रास नको. लग्नकार्याचं विचारायचं नाही, दगदग नको. विचारणारं एक माणूस होतं, तेही माघात गेलं. तू आठ दिवस ज्या वाट्या नेल्यास, त्यात सगळं होतं बघ. छान आहे म्हणण्याखेरीज त्या माणसाला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. आपला नियम देवासाठी बरोबर आहे. देवाला विचारता येत नाही, म्हणून आपण हात अचूक करतो. माणसाला विचारता येतं. मी मीठ विसरलो नव्हतो, आबांसाठी जागा ठेवली होती."

शिष्य म्हणाला, "पण लोक म्हणतील, बुवांचं मीठ चुकलं."

"म्हणू देत," बुवा म्हणाले, आणि काठी टेकत उठले.

वैशाख लागला. एके दिवशी बुवांनी शिष्याच्या हाती कैऱ्यांची पाटी देऊन त्याला व्यापाऱ्याच्या घरी पाठवले. शिष्य ओसरीच्या पायरीशी पोचला आणि तिथेच थांबला. दुकान सोडून भर दुपारी घरी आलेला तो मोठा व्यापारी मांडी घालून बसला होता आणि मनगटापर्यंत हात घालून दहीभात कालवत होता. दह्याचे शिंतोडे त्याच्या मिशीपर्यंत उडाले होते. समोर आबा बसले होते. हाडे अजून दिसत होती, पण बसणे ताठ झाले होते.

"आबा, बघा जरा," व्यापारी म्हणाला आणि भाताची चार शिते त्यांच्या तळहातावर ठेवली.

"कमी आहे. घाल अजून," आबा म्हणाले.

व्यापाऱ्याने मिठाच्या वाटीत बोटे घातली आणि चांगली मोठी चिमूट उचलली. शिष्याला ते दुरूनच कळले. त्याचे तोंड उघडले, शब्द जिभेवर आला, आणि त्याने तो तिथेच गिळला. मीठ भातात पडले. व्यापाऱ्याने मन लावून कालवले आणि वाडगा पुढे ठेवला.

आबांनी घास घेतला. "खारट केलास रे," ते म्हणाले. व्यापारी ओशाळला, आणखी दही घालतो म्हणून उठू लागला. आबांनी त्याला हाताने खाली बसवले. "असू दे. तुझ्या आईनं लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात अस्साच केला होता," असे म्हणून त्यांनी दुसरा घास घेतला, आणि तो उन्हाळा कसा होता ते सांगत सांगत जेवू लागले. वाडगा रिकामा झाल्यावर शिष्याने पाटी हलकेच पायरीवर ठेवली आणि तो माघारी फिरला.

घरी बुवा वाट पाहत होते. त्यांनी विचारले, दहीभात कसा झाला होता.

"खारट."

"मग?"

"वाडगा पुसून खाल्ला आबांनी." शिष्य पुढे म्हणाला, "मीठ जास्त पडताना मला दिसत होतं, बुवा. मी बोललो नाही."

"एवढं एक मला शिकवता आलं नसतं," बुवा म्हणाले. मग दोघे जेवायला बसले. त्या दिवशी घरात दहीपोहे होते.