डब्याने झाकण घट्ट धरलं

माणसांची पाठ वळली की भांडी आपसात बोलत, त्या काळची ही गोष्ट. येसूच्या घरी फळीवर हळदीचा डबा बसे आणि खाली कोपऱ्यात पाण्याचा रांजण. कापलं, खरचटलं की सगळं घर हळदीकडे धावे, म्हणून डब्याला भारी तोरा. “रांजणा, तुला ना रंग ना वास. दुखण्याखुपण्यात तुझा काय उपयोग?” रांजण आपला पाझरत राही.

एके दिवशी पुऱ्या तळताना येसूच्या आईच्या हातावर कढत तेल उडालं.

“येसू, हळद आण गं, हळद!”

डबा ऐटीत पुढे सरकला. पण येसूने आईला मोरीपाशी बसवलं, तिच्या बांगड्या उतरवल्या आणि रांजणातलं पाणी तांब्यामागून तांब्या हातावर ओतू लागली.

“भाजल्यावर काही चोपडायचं नसतं, आई. आमच्या बाईंनी शिकवलंय.”

घटकाभर धार थांबली नाही. रांजणाचा तळ दिसू लागला, तेव्हा आईचं कण्हणं थांबलं. डबा बघतच राहिला.

“असं काय लावलंस रे तिला?” त्याने हळूच विचारलं.

“लावलं काहीच नाही,” रिकामा रांजण घुमला. “तिची आग तेवढी घेऊन गेलो.”

दुसऱ्या दिवशी शेजारची भागीकाकू भाजलेला हात फुंकत थेट फळीकडे धावली. डब्याने झाकण असं आवळून धरलं, की काकूने दुसऱ्या हाताने कितीही ओढलं तरी ते उघडेना. शेवटी येसूने काकूला मोरीपाशी नेलं आणि पुन्हा भरलेल्या रांजणातल्या पाण्याची धार वाजू लागली, तेव्हा कुठे डब्याने श्वास सोडला.