कातरीनचे गोड पाणी

फादर इनास त्या काळी वसईच्या किनाऱ्यावरील खारकोंड या गावी राहत होते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरे आणि मधल्या पट्ट्यात केळीच्या वाड्या. लोक भोळे आणि देवभीरू. चर्चला ते देऊळच म्हणत आणि फादरना बाबा. बाबांचा नेम ठरलेला असे. सकाळची मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, झाली की ते देवळाच्या पायरीवर उभे राहत, त्या दिवसाच्या शुभवर्तमानातली एखादीच गोष्ट साध्या मराठीत सांगत आणि म्हणत, “आज एवढीच घरी न्या. पण न्या.”

देवळातले गायन आणि गावची शाळा सांभाळणारे आगुस्तीन मास्तर मोठे अभ्यासू गृहस्थ होते. बायबलातल्या चारही शुभवर्तमानांतले अध्याय त्यांना तोंडपाठ होते, लॅटिन प्रार्थना ते न अडखळता म्हणत. बाबांवर त्यांची भक्ती होती, पण ही ‘एवढीच’ गोष्ट त्यांना रुचत नसे. इतके ज्ञान असलेल्या पुरोहिताने लोकांना असे चिमूटभर का द्यावे, असे त्यांना वाटे.

त्याच पायरीच्या खालच्या टोकाला कातरीन बसे. नवरा समुद्रात गेला तो परत आला नव्हता. सुकट आणि बोंबील विकून ती पोट भरी. अंगाला माशांचा वास येतो म्हणून ती आपण होऊन सगळ्यांच्या मागे बसायची. अक्षरओळख नव्हती. एके दिवशी बाबांनी सांगितले, की तहानलेल्याला पेलाभर गार पाणी दिले तरी देवाघरी त्याचा विसर पडत नाही, असे प्रभू म्हणाले. कातरीन ते ऐकून घरी गेली आणि मिठागराच्या वाटेवरच्या आपल्या झोपडीसमोर तिने एक मडके मांडले. त्या वाटेला झाडाची सावली नव्हती. भर उन्हात मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बाया तिथे थांबत, पाणी पीत आणि पुढे जात. तीन वर्षे हे चालले होते. रोज पहाटे गावच्या बावखलातून, म्हणजे पाणी भरायच्या त्या जुन्या तळ्यातून, ती दोन खेपा आणी.

एका रविवारी मास्तरांनी पायरीवर सगळ्यांसमोर तिला हटकले.

“काय कातरीनबाई, शुभवर्तमाने चार आहेत. तुमच्या मडक्यात एकच ओळ मावली वाटते?”

लोक हसले. कातरीनने पदर सावरला.

“मला तेवढीच आठवते, मास्तर,” ती म्हणाली.

त्यावर लोक आणखी हसले. मास्तरही हसले. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी मास्तरांकडे एकवार पाहिले आणि ते आत निघून गेले. ती नजर मास्तरांना त्या दिवशी कळली नाही.

पुढे वैशाखातल्या अमावास्येला समुद्राला असे उधाण आले, की खाडीचा बांध फुटला. पाणी वाड्यांत शिरले, विहिरींत शिरले, बावखलात शिरले. ओहोटीबरोबर ते उतरले, पण मागे खार ठेवून गेले. घोटभर पाणी तोंडात धरवेना. पलीकडच्या काठावरून पिंपे भरून आणावीत म्हटले, तर वारा असा फिरला की होड्या निघेनात. मुले रडू लागली. गुरे बावखलाला तोंड लावून माघारी फिरू लागली.

कातरीन बाबांकडे गेली. “बाबा, पाणी तर खारट झाले. आता मी मडक्यात काय भरू?”

बाबा तिच्याबरोबर भर उन्हात मिठागराच्या वाटेवर आले. रिकाम्या मडक्यावर त्यांनी क्रुसाची खूण केली, बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, “कातरीनबाई, रोज भरता तसे भरा. भरायचे काम तुमचे. गोड करायचे काम तुमचे नव्हे.”

तिने बावखलाचे पाणी आणले, मडक्यात ओतले आणि पहिला पेला मिठागरातल्या एका बाईला दिला. ती बाई प्यायली आणि पेला हातात धरून रडू लागली. पाणी गोड होते! शहाळ्यासारखे गोड!

तासाभरात गाव लोटले. कातरीन ओतत राहिली, लोक पीत राहिले. जे बावखलात खारट, तेच तिच्या मडक्यात गोड. तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांची तहान भागली.

मास्तरांनी हे ऐकले आणि मान हलवली. देवळाच्या पायरीवर उभे राहून ते मोठ्याने म्हणाले, “कुठून तरी दुसरीकडून आणत असेल. नाहीतर वाळूतून गाळत असेल. तुम्ही लोक कशावरही विश्वास ठेवता!” एकदा चारचौघांत असे बोलून गेल्यावर त्यांना त्या वाटेला जाणे अवघड झाले.

घरी त्यांची आई ब्रिजितबाई तापाने अंथरुणावर होत्या. खारट पाणी उकळून दिले तर उलटून पडे. ओठ फुटले होते. त्या म्हणाल्या, “आगुस्तीन, कातरीनच्या मडक्यातले पाणी आण रे.”

“आई, त्या पाण्याचा काय भरवसा? दुपारपर्यंत होडी येईल. चांगले पाणी देतो तुला.”

दुपारी होडी आली नाही. संध्याकाळीही आली नाही. आईने आणखी दोनदा मागितले. दोन्ही वेळा मास्तरांनी होडीचेच नाव घेतले.

दुसऱ्या दिवशी आईने मागितले नाही.

ती मागत नाही, एवढ्यानेच मास्तरांचे काळीज हलले. तांब्या घेऊन ते निघाले. पण सरळ वाटेने गेले नाहीत. कुणी पाहू नये म्हणून केळीच्या वाडीमागून, चिखलातून, लांबच्या वाटेने गेले. बावखलावर कातरीन पाणी भरत होती. मास्तरांनी ओंजळीत पाणी घेऊन चाखले आणि थुंकून टाकले. नुसता खार! मग ते तिच्या मागोमाग झोपडीपर्यंत गेले. तिने हंडा मडक्यात रिता केला. मास्तरांनी पेला बुडवून चाखला. गोड. विश्वास बसेना, म्हणून तिला पुन्हा बावखलावर जायला लावले. पुन्हा चाखले, पुन्हा खारट. पुन्हा मडक्यातले चाखले, पुन्हा गोड.

“मास्तर, घरी कुणी तहानलेले आहे का?” कातरीनने विचारले.

मास्तर भानावर आले. तांब्या भरून ते धावत सुटले, या वेळी सरळ वाटेने. तांब्याभर पाण्याने काय होणार म्हणून कातरीनही मडक्यातले पाणी हंड्यात भरून त्यांच्या मागे निघाली.

मास्तरांनी आईचे डोके मांडीवर घेतले आणि तांब्या तिच्या ओठांना लावला. म्हातारी दोन घोट प्यायली. तिसरा घोट तिने तोंडात धरून ठेवला आणि मग गिळला.

“गोड आहे रे,” ती म्हणाली. “कातरीन आली असेल. तिला आत बोलाव. उन्हात उभी करू नको.”

कातरीन खरोखरच अंगणात उभी होती. तिला कुणी आत बोलावले नव्हते. मास्तरांनी हाक मारली, ती उंबऱ्याच्या आत आली, आणि तेवढ्यात म्हातारीने डोळे मिटले ते मिटलेच.

बाबा आले. त्यांनी प्रार्थना केली. अंगण माणसांनी भरले होते. मास्तर एका कोपऱ्यात बसून होते. बाबा जवळ येताच ते एकच बोलले.

“मी काल गेलो असतो तर, बाबा?”

बाबा त्यांच्याजवळ खाली बसले. मास्तरांना वाटले, आता ते एखादे वचन सांगतील. तसले एखादे वचन मास्तर स्वतःही सांगू शकले असते.

“ते मला ठाऊक नाही, मास्तर,” बाबा म्हणाले. “तुमची आई तहानलेली गेली नाही, एवढे मात्र ठाऊक आहे.”

“पण एक दिवस ती तहानलेली होती. माझ्यामुळे!”

“होय,” बाबा हळूच म्हणाले आणि त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी लवकर काढला नाही.

मास्तर उठले आणि अंगणात आले. जमलेल्यांना पाणी देऊन रिकामा झालेला हंडा शेजारी ठेवून कातरीन भिंतीशी उभी होती. ज्यांच्यासमोर मास्तर तिला हसले होते, ती सगळी माणसे तिथेच होती. त्या सर्वांदेखत मास्तर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तिच्या पायांवर डोके टेकले. मासळीचा वास असलेले, मिठाने चिरलेले ते पाय! कातरीन घाबरून मागे सरकली, पण मागे भिंत होती.

“माझे चुकले, बाई,” मास्तर म्हणाले. इतके अध्याय पाठ असलेल्या माणसाला त्या घडीला पुढचा शब्द सुचेना.

कातरीनला काय करावे ते कळेना. तिने बाबांकडे पाहिले. मग तिने वाकून मास्तरांचा दंड धरला.

“उठा, मास्तर,” ती म्हणाली. “माणसे उन्हात खोळंबली आहेत. आईला खांदा द्यायचा आहे ना तुम्हाला?”

मास्तर उठले.