पडद्याची गाडी आणि डावीकडे वळणारा बैल

एका गावात एक गाडीवान होता. गाडीवान कुठल्याही गावात असतो, पण याची गाडी पडद्याची होती. चारही बाजूंनी जाड निळा पडदा. आत कोण बसलंय, कशाला चाललंय, बाहेरच्याला काही कळायचं नाही. कुणी खोदून विचारलंच, तर गाडीवान म्हणायचा, "बैलांना विचारा."

लोकांचा त्याच्यावर फार विश्वास. कुणाला गुपचूप टकलावरचं तेल हवं असायचं, कुणाला रुसलेल्या बायकोसाठी साडी, कुणाला म्हातारपणी बासरी शिकायची असायची. हवी ती गोष्ट कुठे मिळते हे ठाऊक नसायचं. मग आत बसून ते एवढंच म्हणायचे, "जो सांगेल त्याच्याकडे ने."

बाजाराच्या तोंडाशी दोन वाटा फुटायच्या. डावीकडे ठाऊकशेठ बसायचा. त्याला सगळं ठाऊक असायचं, आणि तो विचारल्याबरोबर सांगायचा. फक्त कोणी काय विचारलं, तेही तो पक्कं लक्षात ठेवायचा आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांना विकायचा. उजवीकडे चिंचेखाली विसरआजी बसायची. तिलाही पुष्कळ माहीत होतं, पण आठवायला जरा वेळ लागायचा. मात्र उत्तर दिलं, की विचारणाऱ्याचं नाव, गाव, प्रश्न, सगळं ती साफ विसरायची.

गाडीवान सगळ्यांना आजीकडेच न्यायचा.

एका उन्हाळ्यात वैरण मिळेना. कवड्या आणि हरण्या, दोन्ही बैलांच्या फासळ्या दिसायला लागल्या. तेव्हा ठाऊकशेठ स्वतः गोठ्यात आला.

"बैलांची वैरण कायमची माझ्याकडे लागली," तो म्हणाला. "तू कुणाचं काही सांगायचं नाहीस. फक्त गाडी माझ्या दारात थांबव. कुणी म्हणालं दुसरीकडे ने, तर खुशाल ने. मी कुठे अडवतोय?"

कुणी तसं म्हणत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. पण गाडीवानाला हरण्याच्या फासळ्या दिसत होत्या. तो हो म्हणाला.

ठाऊकशेठ हुशार माणूस. दारात गाडी थांबली की तो कवड्याला गुळाचा खडा द्यायचा. लवकरच कासरा ओढायचीही गरज राहिली नाही. फाटा आला की कवड्या आपणहून डावीकडे वळायचा.

त्याच गावात एक पैलवान होता. आडदांड, मिशाळ, आवाज असा की त्याने शिंक दिली तर कोंबड्या पळायच्या. त्याला मुलगी झाली होती. लहानपणी आई त्याच्यासाठी एक पाळणा म्हणायची. आई आता नव्हती आणि पैलवानाला पहिल्या ओळीपुढे काही आठवत नव्हतं. लेकीच्या बारशाला तोच पाळणा आपण म्हणावा, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. पण पाळणा म्हणायचा बायकांनी. तालमीत कळलं तर? म्हणून तो पडद्याच्या गाडीत बसला, आणि गाडी थांबली तिथे कुजबुजत आपली अडचण सांगून आला. ठाऊकशेठने पाळणा घडाघडा म्हणून दाखवला, पण एकदा ऐकून तो पाठ थोडाच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खुळखुळेवाला उभा. त्याच्यामागे झबलीवाला. त्याच्यामागे घसा गोड करणारा काढा घेऊन वैद्य. तो म्हणाला, "पैलवान, पाळणा म्हणताय म्हणे?" पैलवान तालमीत गेला, तर एक गडी मुद्गल झोळीत घालून जोजवत होता.

पैलवान तडक गाडीवानाकडे आला. ओरडला मात्र नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं गाडीवानाला नंतर वाटलं.

"मी कुणाला एक शब्द सांगितला नाही," गाडीवान म्हणाला.

"तू सांगितलं नाहीस. तू नेलंस."

"तुम्ही दुसरीकडे ने म्हणाला असता, तर नेलं असतं की."

"पडद्यातून वाट दिसते का रे?" पैलवान म्हणाला. "मी पडदा बघून बसलो होतो. जाऊ दे. नाही म्हणत मी पाळणा."

गाडीवानाला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. बायकोने कारण विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगून टाकलं.

"मग फाट्यावर थांबून विचारत जा," ती म्हणाली.

"विचारीन. पण कुणी डुलकी काढत असेल, काही बोललंच नाही, तर?"

"जो बोलत नाही, तो तुझ्या भरवशावर गप्प असतो. त्याला पडदा बघून बसावंसं वाटलं ना? मग पडद्याला शोभेल तिकडेच ने."

गाडीवानाने त्याच दिवशी पुढच्या पडद्याला एक झरोका पाडला. आतल्याला वाट दिसावी, बाहेरच्याला आतलं दिसू नये. ठाऊकशेठला निरोप गेला आणि वैरण बंद झाली. गाडीवानाने गावाला स्पष्ट सांगितलं, "पडदा हवा असेल, तर येताना बैलांसाठी एक पेंढी आणा." काही कुरकुरले. बहुतेकांनी आणली.

मग त्याने पैलवानाला हाताला धरून गाडीत बसवलं. फाट्यावर गाडी थांबवून विचारलं, "डावीकडे पटकन सांगतात, पण लक्षात ठेवतात. उजवीकडे वेळ लागतो, पण विसरतात. कुठे नेऊ?"

"उजवीकडे," झरोक्यातून पैलवान म्हणाला.

कवड्या डावीकडे वळला. गाडीवानाने कासरा ओढला, शेपटी पिळली, गयावया केली. कवड्या ढिम्म. गूळ त्याने खाल्ला होता आणि तो शब्दाचा पक्का निघाला. शेवटी पैलवान खाली उतरला, बैलाला खांद्याने रेटत उजवीकडे घेऊन गेला आणि पुन्हा मुकाट्याने पडद्यात जाऊन बसला.

विसरआजीला तो पाळणा येत होता. पैलवान रोज जायचा, ती रोज विचारायची, "कोण रे बाबा तू? काय हवंय?" आणि पहिल्या ओळीपासून शिकवायची. त्यामुळे त्याचा पाळणा असा पाठ झाला की झोपेतही चुकला नसता.

बारशाला सगळा गाव आला. गाडीवानाने आजीलाही गाडीतून आणलं. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव ठेवलं, आणि पैलवानाने पाळण्याची दोरी हातात घेतली. तालमीतले गडी हसायला तोंड उघडून बसले होते, ते तसेच राहिले. एवढ्या मोठ्या माणसातून इतका हळू आवाज आला, की दारातला कवड्यासुद्धा उभ्याउभ्या पेंगायला लागला. बाळ झोपलं. ज्याने मुद्गल जोजवला होता, तो उपरण्याने डोळे पुसत होता.

विसरआजी कौतुकाने ऐकत होती. शेजारच्या बाईला कोपराने ढोसून ती म्हणाली, "किती गोड म्हणतो गं. कुणी शिकवलं असेल याला?"

तात्पर्य: पडदा लावणाऱ्याने गाडी आपणहून कुठे वळते, याचीही जबाबदारी घ्यावी. हल्ली अशा गाड्या फोनमध्ये असतात आणि त्यांना ब्राउझर म्हणतात. आतल्याने काही निवडलं नाही, तर त्याचा शोध कुणाच्या दारात न्यायचा, हे बनवणाऱ्याने गूळ बघून नव्हे, आतल्याचा भरवसा बघून ठरवावं. आणि आत बसणाऱ्यांनो, तुम्हीही एकदा झरोक्यातून डोकावून बघा.