बारापैकी बारा तयार

नदीच्या घाटावर बारा नावा कोरड्यावर ओढून बांधलेल्या होत्या आणि सुईण साळूबाईला पैलतीरी जायला एकही मिळत नव्हती. पलीकडे तिच्या लेकीचे दिवस भरले होते.

"नावा तयार आहेत, पण सोडता येत नाहीत," मक्तेदार धोंडशेट म्हणाला. "पाण्यात गेली की नाव झिजते."

ही करणी सर्जेराव महाराजांच्या हुशारीची. पूर्वी ते दुरुस्तीचे पैसे देत, तेव्हा नावा रोज मोडत. मग त्यांनी नवा करार केला. दुरुस्तीला छदाम नाही. जितके दिवस नाव तयार, तितक्या दिवसांचे पैसे. तेव्हापासून नावा मोडायच्या थांबल्या, कारण त्या हलायच्याच थांबल्या. कारकून अंतोबा रोज दुपारी घाटावरच्या सावलीत बसून मोजणी करी आणि वहीत लिही, 'बारापैकी बारा तयार.' महाराज ती वही पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

साळूबाई तडक दरबारात गेली. "म्हाराज, कोरड्यावर पडून पडून त्या नावांच्या बुडाला भोकं पडल्यात."

"म्हणजे आमची वही खोटी?" महाराज भडकले. "सिद्ध कर. पण नावेला हात लावायचा नाही, मक्तेदारावर आळ घ्यायचा नाही, कराराचं अक्षर बदलायचं नाही. उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर वर्षभर राजवाड्यात पाणी भर!"

"कारकुनानं कुठं बसून मोजायचं, ते करारात लिवलंय का जी?"

दिवाणांनी करार उलगडला. 'नावा समोर पाहून मोजाव्यात' एवढंच होतं.

"मग उद्या अंतोबांची बैठक पैलतीरी मांडा. जाताना वहीतली कंचीबी नाव घ्या म्हनावं. समोर बघून मोजायच्या, म्हंजी बाकीच्या येतील मागनं."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव घाटावर लोटलं. अंतोबा पहिल्या नावेपासून बाराव्या नावेपर्यंत गेला आणि वही छातीशी धरून परत आला.

"महाराज, मला पोहता येत नाही."

"पोहायचंय कशाला? तयार म्हणून तुम्हीच लिहिलंय ना?"

"लिहायला आजही तयार आहे, सरकार. बसायला नाही."

"मग धोंडशेट, तुम्ही चला."

"आज अमावास्या, सरकार. मी पाणी ओलांडत नाही."

"अमावास्या परवाच झाली, शेट," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

महाराजांनी वहीकडे पाहिलं, नावांकडे पाहिलं आणि ते स्वतःवरच हसत सुटले. हसू आवरल्यावर हुकूम झाला की यापुढे मोजणी रोज पैलतीरी होईल आणि कारकुनाच्या नावेत शेजारी धोंडशेट बसेल. धोंडशेट त्याच दुपारी सुतार शोधायला धावला.

"साळूबाई, काय हवं ते माग."

"पैलतीरी जायला नाव द्या."

"बाराच्या बारा घे!"

"ह्यातली नगं, म्हाराज. तुमची शिकारीची द्या. ती कुणाच्या वहीत न्हाई, म्हनून चालती."

महाराज पुन्हा खदखदून हसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी होणाऱ्या नातवंडासाठी साळूबाईच्या हाती दिलं आणि आपल्या नावेची दोरी स्वतः सोडली.